पारध्यांविषयींचे ग्रंथ आणि पारध्यांचा शब्द

बीड जिल्ह्यांतील जुन्या दप्तरांचा शोध ज्यांनीं घेतला आहे, त्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जोशी, काजी, मठाधिपति ह्यांच्या घरीं कागद सांपडतात. महजर, इनामपत्रें, ताकीदपत्रें, वतनाच्या तंट्यांचे निवाडे आणि पोथ्या ह्यांनीं रुमाल भरलेले असतात. परंतु त्याच गांवांच्या शिवारांत माळावर पाल ठोकून राहणाऱ्या, आणि हरिण, ससे, तितर, लावे ह्यांच्यावर निर्वाह करणाऱ्या फासेपारध्याच्या घरचा कागद कोठेंहि सांपडत नाहीं. त्याला वतन नव्हतें, म्हणून वतनाचा तंटा नव्हता. जमीन नव्हती, म्हणून जमिनीचा लेख नव्हता. त्याचें नांव कागदावर आलें तें दुसऱ्यानें लिहिलें म्हणून, आणि तेंहि बहुधा फिर्यादीच्या निमित्तानें. ज्यानें स्वतः कांहींच लिहिलें नाहीं, त्याचा इतिहास दुसऱ्यांनीं लिहिलेल्या पानांवरून कितपत लिहितां येईल, आणि त्या पानांची परीक्षा कोणत्या रीतीनें करावी, हा प्रश्न आमच्या संशोधकांनीं अद्याप पुरतेपणीं हातीं घेतलेला नाहीं. तो घेतला जावा एवढ्याच हेतूनें हें परीक्षण लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परीक्षणास आम्हीं मुख्यत्वें एक लेख निवडला आहे. रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील जातिजमातींविषयीं इंग्रजींत चार खंडांचा जो ग्रंथ रचला आणि जो १९१६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला, त्याच्या चौथ्या खंडांतील ‘पारधी’ हा तो लेख होय. बीड जिल्हा मध्यप्रांतांत कधींच नव्हता, मग बीडच्या पारध्यांसाठीं हा लेख कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर बीडच्या स्थानांतच आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. पश्चिमेस अहमदनगर व नैऋत्येकडे सोलापूर हे मुंबई इलाख्याचे जिल्हे; उत्तरेस औरंगाबाद, पूर्वेस परभणी, दक्षिणेस उस्मानाबाद हे निजामाचे; आणि परभणीच्या पलीकडे वऱ्हाड, जें १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. (हीं नांवें त्या काळचीं आहेत.) शिकारीमागें फिरणाऱ्यास ह्या सरहद्दी ठाऊक असल्या तरी त्याचें सावज त्या मानीत नव्हतें. परंतु त्याच्याविषयीं लिहिणारे ग्रंथ मात्र सरहद्दींप्रमाणें वांटले गेले. मुंबई इलाख्यासाठीं केनेडी ह्यांचीं ‘गुन्हेगार वर्गां’वरील टिपणें १९०८ सालीं निघालीं व एन्थोव्हेन ह्यांचा ग्रंथ १९२० ते १९२२ ह्या सालांत निघाला, निजामाच्या राज्यासाठीं सय्यद सिराज-उल्-हसन ह्यांचा ग्रंथ १९२० सालीं निघाला, आणि वऱ्हाड-मध्यप्रांतासाठीं रसेल-हिरालाल ह्यांचा. ह्यांपैकीं रसेल-हिरालाल ह्यांचा लेख विशेष वाचनीय आहे, आणि पुढील लिहिणारांनीं त्याचाच आधार वारंवार घेतलेला आहे. म्हणून त्याची परीक्षा ही एका परीनें सगळ्या ग्रंथकुलाची परीक्षा ठरते.

प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. लेखकांनीं ‘पारधी’ हा शब्द शिकारवाचक मराठी ‘पारध’ शब्दाशीं जोडला आहे, आणि त्या शब्दाचें मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ असें मानलें जातें. ह्या व्युत्पत्तीचा अर्थच ‘पापाची वृद्धि’ असा होतो, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण शिकाऱ्याचें नांव ठेवणारा स्वतः शिकारी नव्हता, हें त्या एका शब्दावरूनहि दिसतें. पुढें त्यांनीं पोटभेद दिले आहेत: फाशांनीं सावज धरणारे ते फासेपारधी, केवळ लंगोटीवर राहणारे ते लंगोटी पारधी, जात्यांस टांकी लावणारे ते टाकणकार, पाळीव चित्त्याकडून शिकार करविणारे ते चित्तेवाले, बैलाच्या आडोशानें सावजाजवळ जाणारे ते गायके. धंद्याच्या साधनांवरून पडलेले हे भेद एकत्र व नीट मांडून दाखविणें हें थोडें काम नव्हे. चालीरीतींचीं कांहीं निरीक्षणेंहि मोलाचीं आहेत. लंगोटी पारध्यांत देवीची मूर्ति रुप्याची असते म्हणून बाईनें कमरेखालीं रुपें घालूं नये, आणि देवीच्या बरोबरीच्या उंचीवर येऊं नये म्हणून तिनें आपलें लुगडें खुंटीवर टांगूं नये, अशी चाल त्यांनीं नोंदविली आहे. हें कोणत्याहि कचेरींत बसून सुचणारें नव्हे. कोणा तरी बाईनें किंवा पुरुषानें तें सांगितलेलें असलें पाहिजे.

आणि येथेंच आमच्या आक्षेपास आरंभ होतो. तें कोणीं सांगितलें? कोठें? कोणत्या पालांत, कोणत्या सालीं, कोणत्या भाषेंत? लेखाच्या आरंभींच्या टीपेंत आधार दिले आहेत: गॅझेटियर कचेरींतील मंडळींचीं टिपणें, किट्स ह्यांच्या १८८१ च्या वऱ्हाड खानेसुमारीच्या अहवालांतील उतारे, आणि गुन्हेगार जातींवरील पोलिसी व्याख्यानांत आलेली एक टीप. आधार दिले ही गोष्ट लेखकांच्या प्रामाणिकपणास शोभणारी आहे. पण त्या आधारांत एकहि पारधी नाहीं. पोथीचा चिकित्सक ज्याप्रमाणें प्रतींचा वंशवृक्ष काढतो, त्याप्रमाणें ह्या लेखाचा काढला तर मूळ प्रत हातीं लागत नाहीं. लागतात त्या नकलाच. त्यांपैकीं एका शाखेचें मूळ पोलिसांत आहे. वऱ्हाड व मध्यप्रांतांतील ‘गुन्हेगार जातीं’वर मेजर गन्थॉर्प ह्यांनीं १८८२ सालींच एक पुस्तक लिहिलें होतें, आणि तेव्हांपासून ह्या विषयावरील लेखनाची भाषाच ठरून गेली. चोर ओळखावा कसा, हें सांगण्यासाठीं जी माहिती जमविली गेली, तीच पुढें जात म्हणजे काय हें सांगण्यासाठीं वापरली गेली. प्रश्न बदलला, पण उत्तर तेंच राहिलें. नकलेंत लेखनदोष जसा एका प्रतींतून दुसऱ्या प्रतींत जातो, तसा पहिल्या लिहिणाराचा हेतु पुढच्या लिहिणाराच्या पानांत न कळत उतरला.

रायबहादूर हिरालाल हे कांहीं सामान्य लेखक नव्हते. कटनीचा हा पंडित शिलालेखांचा जाणता होता, आणि ज्या १९१६ सालीं जातींचा ग्रंथ निघाला त्याच सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील कोरीव लेखांची त्यांची वर्णनात्मक सूचीहि प्रसिद्ध झाली. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून पाहिले असतां मनांत विचार आल्यावांचून राहत नाहीं. सूचींत प्रत्येक दगडास त्याचें गांव आहे. तो कोठें सांपडला, हल्लीं कोठें आहे, कोणत्या लिपींत आहे, काळ कोणता, हें सांगितल्यावांचून लेखाची नोंद पुरी होत नाहीं. ठिकाण न सांगतां कोणी एखादा शिलालेख पुढें केला असता तर हिरालाल ह्यांनीं तो स्वीकारला नसता. पण माणसाच्या तोंडचा शब्द स्वीकारतांना हें पथ्य सुटलें. दगडास जें प्रामाण्य त्यांनीं मागितलें, तें जिवंत माणसाकडे मागितलें नाहीं. ह्यांत त्यांचा एकट्याचा दोष नाहीं. त्या काळच्या साऱ्या विद्येची ती रीत होती. परंतु रीत होती म्हणून दोष नव्हता असें होत नाहीं.

इंग्रजींत लिहिणारांसच नांवें ठेवून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं निघाला. मराठी गांवाच्या रचनेविषयीं इतक्या जवळून लिहिलेला दुसरा ग्रंथ आमच्या भाषेंत विरळा. त्यांत फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण तें प्रकरण ज्या ठिकाणीं उभें राहून लिहिलें आहे तें ठिकाण कुणब्याचें खळें होय. कुणब्याच्या धान्याच्या राशीवर कोणाकोणाचे हात पडतात, हा आत्रे ह्यांचा प्रश्न. त्या प्रश्नाच्या उत्तरांत फिरस्ता हा केवळ राशीवर पडणारा एक हात ठरतो. कुणब्याच्या दुःखाची बाजू म्हणून तें खरें आहे, आणि तें सांगणें अवश्यहि होतें. परंतु पालांतून गांव कसें दिसतें, हा प्रश्न त्या ग्रंथांत उद्भवत नाहीं. मराठींत लिहिलें म्हणून लिहिणारा पालाच्या अधिक जवळ गेला, असें येथें झालेलें नाहीं.

भाषेच्या बाबतींत काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. पारध्यांची बोली मराठीहून निराळी, गुजराती व भिली ह्यांच्याशीं नातें सांगणारी आहे. तिला वाघरी असेंहि म्हणतात. ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणींत तिची नोंद भिली भाषांच्या भागांत झाली आणि तो भाग १९०७ सालीं निघाला. ही नोंद फार उपयोगाची आहे. पण त्या पाहणीची सर्वसाधारण पद्धत अशी होती कीं, बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलींत उतरवून घ्यावयाची, म्हणजे बोलींची तुलना करणें सोपें जातें. तुलना सोपी झाली हें खरें. परंतु ज्या लोकांच्या स्वतःच्या कथा कोणीं ऐकल्या नव्हत्या, त्यांच्या तोंडीं परक्या देशाची कथा घालून त्यांच्या भाषेचा ‘नमुना’ सिद्ध झाला. व्याकरण मिळालें, बोलणारा मिळाला नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, ही अपेक्षाच अवास्तव आहे; त्या काळीं, त्या साधनांनीं, लेखनविद्या नसलेल्या शिकारी लोकांविषयीं ह्याहून निराळें लिहितां आलें असतें काय? ह्याचें उत्तर कल्पनेनें न देतां उदाहरणानें द्यावें, म्हणून थोडा वेळ आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे वळणें अवश्य आहे. तेथील सान लोक हे जगांतील शिकारी समाजांत सर्वांत अधिक वर्णिले गेलेले होत. ‘सान’ हें नांवहि त्यांचें त्यांनीं ठेवलेलें नव्हे, शेजारच्या गुराख्यांनीं दिलेलें. ‘बुशमन’ हें तर युरोपियनांचें. म्हणजे नांवापासूनच पारध्यांशीं साम्य आहे. त्यांच्याविषयींच्या लेखनांत दोन टोंकांची दोन उदाहरणें आहेत, आणि आमच्या प्रश्नाचा उलगडा त्या दोहोंच्या तुलनेनें होतो.

पहिलें उदाहरण प्रवाशाचें. लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट हे १९५५ सालीं कालाहारीच्या वाळवंटांत सान लोकांच्या शोधार्थ गेले, आणि त्या प्रवासावर त्यांनीं १९५८ सालीं लिहिलेलें पुस्तक जगभर वाचलें गेलें. त्यांत सान मनुष्याविषयीं तिरस्कार मुळींच नाहीं. उलट भक्ति आहे. सुधारलेल्या जगानें हरविलेलें कांहीं तरी ह्या माणसापाशीं शिल्लक आहे, अशी लेखकाची दृढ समजूत. पोलिसी टिपणांच्या मानानें हें किती उदार! तरीहि परीक्षकाच्या दृष्टीनें दोष तोच राहतो. शोधणारा आधींच ठरवून निघाला होता कीं आपणांस काय सांपडणार आहे. व्हॅन डर पोस्ट ह्यांनीं स्वतःविषयीं व आपल्या अनुभवांविषयीं केलेलीं अनेक विधानें टिकत नाहींत, असें जे. डी. एफ. जोन्स ह्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत दाखविलें आहे. वाळवंट दूर, वाट बिकट, साक्षीदार थोडे. अशा ठिकाणीं लिहिणाराचा शब्द पडताळून पाहणारा कोणी नसतो. निंदा करणाऱ्या पानाची शंका आम्हांस लवकर येते. स्तुति करणाऱ्या पानाची येत नाहीं. म्हणून तें अधिक जपून वाचावें लागतें.

दुसरें उदाहरण ह्याहून पुष्कळ जुनें आहे. विल्हेल्म ब्लीक हे जर्मन भाषापंडित केप टाउन येथें राहत असत. तेथील ब्रेकवॉटर तुरुंगांत उत्तरेकडील रुक्ष मुलुखांतले कांहीं सान कैदी होते. सरकारची परवानगी काढून ब्लीक ह्यांनीं १८७० पासून त्यांपैकीं कांहींस आपल्या घरीं ठेवून घेतलें व त्यांची ‘खाम’ भाषा लिहून घेण्यास आरंभ केला. १८७१ च्या फेब्रुवारींत त्यांच्याकडे एक प्रौढ मनुष्य आला. त्याच्या नांवाच्या आरंभीं जिभेचा जो टाळा वाजतो त्यास नागरींत चिन्ह नाहीं. उरलेलें नांव काब्बो, म्हणजे स्वप्न. गुरें चोरल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झालेली होती. शिक्षेची मुदत सरल्यावरहि तो १८७३ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथें राहिला आणि ब्लीक व त्यांची मेहुणी ल्यूसी लॉइड ह्यांस आपल्या लोकांच्या कथा सांगत राहिला. १८७५ सालीं ब्लीक वारले. लॉइड ह्यांनीं काम चालू ठेविलें. पुढें काब्बोचा जांवई येऊन सांगूं लागला. त्यांतून निवडलेले वेंचे १९११ सालीं पुस्तकरूपानें निघाले. ह्या पुस्तकाच्या नांवांतहि ‘नमुने’ हाच शब्द आहे. पण येथें एका पानावर सांगणाराची भाषा, समोरच्या पानावर भाषांतर, आणि कथा कोणीं सांगितली, केव्हां सांगितली, ती त्यानें आपल्या आईकडून ऐकली कीं आणखी कोणाकडून, ह्याची नोंद आहे. पोथीच्या अखेरीस लेखक, स्थळ, शक दिलेला पाहून आमच्या संग्राहकांस जें समाधान वाटतें, तेंच येथें वाटतें. ह्या वह्यांचीं पानें बारा हजारांहून अधिक आहेत, आणि १९९७ सालीं युनेस्कोनें त्यांची गणना जगाच्या स्मरणीय लेखसंग्रहांत केली. खाम भाषा बोलणारा आज कोणी उरलेला नाहीं. ती ज्या कागदांत जिवंत आहे ते कागद एका कैद्याच्या तोंडून उतरलेले आहेत.

ह्या उदाहरणासहि बाध आहे आणि तो लपविणें उचित नव्हे. सांगणारा शिक्षा भोगलेला, घरापासून दूर. लिहिणारा मोकळा व सरकारच्या विश्वासांतला. काब्बोला परत जावयाचें होतें आणि आपल्या लोकांच्या तोंडच्या गोष्टी पुन्हां ऐकावयाच्या होत्या, हें त्यानें स्वतःच त्या वह्यांत सांगून ठेविलें आहे. त्या विद्येच्या मुळाशीं तुरुंग आहे ही गोष्ट विसरतां येत नाहीं. तथापि, ती गोष्ट आम्हांस कळली ती काब्बोच्याच शब्दांवरून. ज्या लेखांत सांगणारा बोलतो, त्या लेखांत लिहिणाराविरुद्धचा पुरावाहि राहून जातो. रसेल-हिरालाल ह्यांच्या लेखांत तशी सोय नाहीं. तेथें पारधी काय म्हणाला असता, हें ताडून पाहण्याचें साधनच लेखकांनीं ठेविलेलें नाहीं.

सालांचा योग लक्षांत घ्यावा. काब्बो ज्या १८७१ सालीं केप टाउनच्या एका घरांत आपल्या पूर्वजांच्या कथा सांगत होता, त्याच १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यांत हिंदुस्थानांत गुन्हेगार जातींचा कायदा मंजूर झाला. राज्यकर्ते एकच; तिकडचा शिकारीहि कैदी, इकडचाहि कैदी. तिकडे एका विद्वानानें एका कैद्यास विचारलें, ‘तुझी गोष्ट सांग.’ इकडे साऱ्या जातीस विचारलें गेलें, ‘हजेरी दे.’ १९११ सालीं तिकडे त्या कथांचें पुस्तक निघालें. त्याच १९११ सालीं इकडे नवा कायदा होऊन मुंबई इलाख्यासहि तो लागू झाला. म्हणजे निराळ्या रीतीनें लिहिण्यास काळ आड येत नव्हता. साधनेंहि तींच होतीं: वही, लेखणी, आणि ऐकण्याची तयारी. आमच्याकडे पहिल्या दोहोंची वाण नव्हती.

हा सारा वाद केवळ ग्रंथांपुरता असता तर तो पुढील पिढीवर सोंपवितां आला असता. तसें नाहीं. १९५२ च्या ऑगस्ट अखेरीस गुन्हेगार जातींचा कायदा रद्द झाला. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें काळविटाची शिकार गुन्हा ठरली, आणि प्राणिरक्षणाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण ज्या विद्येवरून फासेपारध्यास नांव पडलें ती विद्या त्यामुळें कायद्याबाहेर गेली. पाटोदे तालुक्यांतील नायगांवच्या परिसरास १९९४ सालीं मोरांसाठीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. पांखरांस रान मिळालें. पारध्यास मात्र आपण कोण हें कागदानें सिद्ध करावें लागतें. महाराष्ट्रांत अनुसूचित जमातीचा दाखला तपासतांना १९५० पूर्वींच्या नोंदींस विशेष प्रामाण्य दिलें जातें. ज्याच्या आज्याचें नांव ना शाळेच्या पटावर ना जमिनीच्या खात्यावर, त्यानें अशी नोंद आणावी कोठून? कित्येकांच्या बाबतींत ती मिळण्याचा संभव ज्या कागदांत आहे ते पोलिसांचे कागद होत. गुन्हेगार म्हणून केलेली आज्याची नोंद हीच नातवाच्या हक्काची सनद ठरावी, असा हा विपरीत योग आहे.

ह्याहूनहि अधिक जिव्हाळ्याची गोष्ट आहे. दाखल्याची छाननी करतांना अर्जदाराची बोली, देवदेवता, लग्नाच्या व मर्तिकाच्या चाली ह्यांची विचारपूस करून त्या त्या जमातीच्या लक्षणांशीं मिळतात कीं नाहीं तें पाहण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ सालच्या एका निकालानें तिला रूप आलें. लक्षणें ताडून पाहावयाचीं म्हणजे कोठें तरी लिहिलेलीं लक्षणें हवींत. तीं बहुतांशीं जातिवर्णनाच्या अशाच ग्रंथांतून येतात. म्हणजे १९१६ सालीं कोणा अनामिकानें कोणा कारकुनास जें सांगितलें असेल किंवा नसेल, त्यावरून आजचा मुलगा पारधी आहे कीं नाहीं तें ठरण्याचा प्रसंग येऊं शकतो. लुगडें खुंटीवर टांगूं नये ही चाल ज्या घरांत आज उरली नाहीं, तें घर पारध्याचें नव्हे काय? २०२३ च्या मार्च महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं, लक्षणें जुळविण्याची ही परीक्षा निर्णायक कसोटी मानतां येणार नाहीं, असें स्पष्ट केलें. विधिज्ञांनीं जी सावधगिरी सांगितली, ती इतिहाससंशोधकांनीं पुष्कळ आधीं सांगावयास पाहिजे होती. कारण साधनांची परीक्षा हा आमचाच धंदा होय.

नकलेंतील दोष किती दूर जातो ह्याचें एक लहान उदाहरण देतों. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या इंग्रजी यादींत पारध्यांच्या नोंदींत ‘लंगोली पारधी’ असें नांव छापलें आहे. लंगोली ही वस्तु कोणास ठाऊक नाहीं. तो ‘लंगोटी’च्या एका अक्षराचा पालट आहे. रोमन लिपींत ‘ट’च्या जागीं ‘ल’ पडला आणि चूक कायद्यांत कायम झाली. एखाद्या पोथींत असा पाठ आला असता तर आमच्यापैकीं कोणीहि तळटीप देऊन तो दुरुस्त केला असता. जिवंत लोकांच्या नांवाचा पाठ शुद्ध करावा असें मात्र कोणास सुचलें नाहीं.

आतां निष्कर्ष. रसेल-हिरालाल ह्यांचा लेख टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो वाचावा, पण लिहिणाराचा पुरावा म्हणून आधीं आणि पारध्याचा पुरावा म्हणून मागून वाचावा. त्यांतील प्रत्येक विधानास तीन प्रश्न विचारावे: हें कोणीं पाहिलें, कोणीं सांगितलें, आणि कोणत्या कामासाठीं लिहिलें? ज्या विधानास पहिल्या दोहोंचें उत्तर नाहीं आणि तिसऱ्याचें उत्तर ‘चोर पकडण्यासाठीं’ असें आहे, तें चालीरीतीचें वर्णन म्हणून पुढें उद्धृत करूं नये. उपयोगी विधानें अशा चाळणींतूनहि उरतात. लुगड्याची व रुप्याची चाल त्यांपैकीं एक आहे. हीच चाळणी स्तुतीच्या पानांसहि लावावी.

संग्राहकांस विनंती अशी कीं, बीड, आष्टी, पाटोदे, गेवराई, केज, अंबेजोगाई ह्या बाजूस फिरतांना इनामपत्रांबरोबर शाळांचे जुने पट, कोतवाल बुकें, चावडीचे व ठाण्याचे जीर्ण कागद हेहि दृष्टीआड करूं नयेत. रद्दी म्हणून जें विकलें जातें त्यांत एखाद्या कुळाचें सर्वस्व असूं शकतें. असे कागद आढळल्यास ते जेथें आहेत तेथेंच सुरक्षित राहतील असें करावें, आणि त्यांतील नांवें छापून कोणाच्या वंशजांस उपद्रव होणार नाहीं, एवढें पाहावें.

दुसरें काम कागदाचें नसून कानाचें आहे. बालाघाटच्या माळावर फास मांडण्याची रीत, फासाच्या भागांचीं नांवें, तितरास घालण्याची साद, वाटेच्या खुणा, देवीच्या उत्पत्तीच्या कथा हें ज्यांस ठाऊक आहे ते वृद्ध आतां थोडे उरले. त्यांच्या संमतीनें, त्यांच्या बोलींत, नागरी अक्षरांत तें लिहून घ्यावें. समोर मराठी अर्थ द्यावा. सांगणाराचें नांव, गांव, दिवस, आणि त्यानें तें कोणाकडून ऐकलें तें लिहावें. आणि एक प्रत सांगणाराच्या घरीं ठेवावी. नांव देऊं नये असें सांगणाराचें म्हणणें असेल तर तें मानावें, पण त्याचा शब्द बदलूं नये. पुढें त्या घरांतल्या मुलास कोणीं ‘तूं कोण?’ असें विचारलें, तर १९१६ चा ग्रंथ न उघडतां आपल्या आज्याची वही त्याला दाखवितां यावी.

फासेपारध्याच्या घरीं कागद सांपडत नाहीं, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. ती गोष्ट आमच्या पूर्वींच्या पिढ्यांपुरती खरी होती. पुढील संशोधकासहि तेंच लिहावें लागलें, तर दोष पारध्याचा नव्हे, आमचा ठरेल. इत्यलम्.